स्नॉबलक्षणविचार

‘स्नॉब’ हा इंग्रजी शब्द मराठीत हल्ली इतक्या सैल हाताने वाटला जातो, की शास्त्राने मध्ये पडणं भाग आहे. लग्नात पंगतीला न बसता आहेर देऊन निघून गेलेला मेहुणा स्नॉब. लिफ्टमध्ये आपल्याकडे बघून न हसणारी चौथ्या मजल्यावरची बाई स्नॉब. निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटूनही उत्तर न देणारा मित्र स्नॉब. वास्तविक मेहुण्याला मधुमेह असेल, बाईंची दाढ ठणकत असेल आणि मित्राने आपल्याकडून पैसे घेतलेले असतील. पण शब्द चिकटतो तो चिकटतोच.

बरं, गर्विष्ठ माणसासाठी मराठीत शब्दांचा दुष्काळ आहे म्हणावं, तर तेही नाही. आखडू, चढेल, तुसडा, मिजासखोर, तोरेबाज, शेफारलेला, भाव खाणारा, हवेत असलेला, नाकाने कांदे सोलणारा. आणि यातलं काहीच लागू पडत नसेल तर ‘मोठा लागून गेलाय’. एवढा साठा घरात असताना बाहेरून माल आणला, तर तो घरातल्या मालाने न होणाऱ्या कामालाच वापरावा. ते काम कोणतं, याचा निर्णय हा प्रस्तुत प्रबंधाचा विषय. (‘प्रस्तुत’ हा शब्द पहिल्या पानावर आला की प्रबंध अर्धा झाला, असा विद्यापीठीय संकेत आहे.)

कोणत्याही वस्तूचं लक्षण बांधताना तीन दोष टाळावेत, असं आपलं न्यायशास्त्र सांगतं. अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’वरच्या ‘दीपिके’त त्यासाठी गाय उभी केली आहे. गाय म्हणजे कपिल रंगाची, असं म्हटलं तर पांढरी गाय गोठ्याबाहेर राहते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगांची, म्हटलं तर म्हैस आत शिरते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एका अखंड खुराची, म्हटलं तर गोठा रिकामाच, हा असंभव. शेवटी गळ्याखाली लोंबणारी पोळी, म्हणजे पंडितांची ‘सास्ना’, हे गाईचं निर्दोष लक्षण ठरतं.

आता स्नॉब दावणीला बांधू. स्नॉब म्हणजे श्रीमंतीचा माज असलेला, असं म्हणावं तर अव्याप्ती होते. फाटक्या खिशाचे अव्वल स्नॉब आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. स्नॉब म्हणजे जो खरोखरच इतरांहून श्रेष्ठ आहे तो, हा सरळ असंभव, एका खुराची गाय. राहिलं लोकप्रिय लक्षण: स्नॉब म्हणजे गर्विष्ठ. इथे अतिव्याप्ती होते, कारण मग रावणही स्नॉब ठरतो. रावणाने कैलास उचलायला घेतला, हा गर्व खराच. पण दरबारात लंगडी सबब सांगावी तसं ‘परवा शंकराकडे होतो, म्हणून यायला उशीर झाला’ असं तो सहज बोलता बोलता कधी म्हणाल्याचं ऐकिवात नाही. तसं म्हणाला असता, तर मात्र या प्रबंधात त्याला पहिल्या प्रकरणात जागा मिळाली असती.

तेव्हा स्नॉबची सास्ना शोधायला शब्दाच्या जन्मगावी जायला हवं. जन्मगाव मोठं नामांकित नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १७८१च्या सुमारास, इंग्रजी बोलीत स्नॉब म्हणजे जोडे शिवणारा मोची किंवा त्याच्या हाताखालचा पोऱ्या. तिथून हा शब्द केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी गेला. झगा घालून हिंडणारे ते विद्यापीठातले. बाकी गावातले दुकानदार, गाडीवाले, खानावळवाले ते सगळे स्नॉब. म्हणजे ज्याच्याकडे नाक मुरडून बघायचं, त्याचं हे नाव. पुढे एकोणिसाव्या शतकात ते, वरच्या वर्गातला नसून तसा दिसण्याची धडपड करणाऱ्याला लागलं. विसाव्या शतकात आणखी गंमत झाली, आणि जो दुसऱ्याकडे नाक मुरडून बघतो तोच स्नॉब झाला. सव्वाशे-दीडशे वर्षांत शब्द जोड्यापासून निघून नाकापर्यंत चढला. अशी बढती कचेरीत मिळाली असती तर चौकशी लागली असती.

या इतिहासाची लाज वाटून की काय, शब्दाला एक खोटी वंशावळही लावून देण्यात आली. ‘सिने नोबिलिताते’ असा लॅटिन शब्दप्रयोग आहे, अर्थ ‘खानदान नसलेला’. जुन्या विद्यापीठांच्या हजेरीपटात साध्या घरच्या मुलांच्या नावापुढे त्याचं संक्षिप्त रूप लिहीत आणि त्यातूनच हा शब्द आला, ही कथा विद्वानांच्या तोंडूनही ऐकू येते. कोशकारांनी ती फेटाळली आहे. आमचं मत असं, की या कथेइतका उत्तम पुरावा दुसरा नाही: मोच्याच्या घरात जन्मलेला शब्द मोठा झाल्यावर लॅटिन आजोबा दाखवू लागला. स्वतःच्या अर्थाशी इतकं इमान राखणारे शब्द कोशात थोडेच.

शब्दाला नाकापर्यंतच्या वाटेवर लावणारा मनुष्य म्हणजे विल्यम मेकपीस थॅकरे. जन्म १८११, कलकत्ता. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत. पाच वर्षांचा असताना त्याला बोटीने विलायतेला धाडलं. बोट वाटेत सेंट हेलेनाला थांबली, तेव्हा तिथे कैदेत असलेला नेपोलियन त्याला लांबून दाखवण्यात आला. (इतका मोठा माणूस इतक्या लहानपणी पाहिला असेल, तर तो सांगत सुटायचा मोह आवरणं कठीण. प्रबंधाच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे.) केंब्रिजमध्ये १८२९ साली त्याने आणि मित्रांनी ‘द स्नॉब’ नावाचं साप्ताहिक काढलं आणि ते विद्यापीठातल्या लोकांनी चालवलेलं नाही, असं त्याच्या माथ्यावरच छापलं. पदवी न घेताच तो तिथून बाहेर पडला, पण शब्द मात्र बरोबर घेऊन आला.

पुढे ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात १८४६-४७ मध्ये त्याने इंग्लंडातल्या स्नॉबांवर वर्षभर लेखमाला चालवली. तिचं पुस्तक १८४८ मध्ये आलं, ‘द बुक ऑफ स्नॉब्ज’. दरबारी स्नॉब, लष्करी स्नॉब, पाद्री स्नॉब, विद्यापीठीय स्नॉब, मेजवान्या देणारे स्नॉब, क्लबातले स्नॉब, अशी त्याने चांगली जनगणनाच केली. लेखक म्हणून ‘त्यांच्यापैकीच एक’ अशी सही केली, हे शहाणपण. क्षुद्र गोष्टींचं क्षुद्रपणे कौतुक करतो तो स्नॉब, असं त्याच्या व्याख्येचं सार आहे. याच थॅकरेच्या चाहतेपणातून प्रबोधनकारांनी आपल्या ठाकरे आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग त्याच्यासारखं केलं, असं महाराष्ट्रात सांगितलं जातं. प्रबोधनकारांनी उभ्या हयातीत पोकळ बडेजावावर जे आसूड ओढले ते पाहता, नावापलीकडेही काही घेतलं असावं.

त्या पुस्तकातलं वाटाण्यांचं प्रकरण अभ्यासकांनी विसरू नये. कथा सांगणारा महाशय एका माणसाला व्हीस्यूव्हियस ज्वालामुखीच्या मुखात भेटतो. पुढे कॅलाब्रियात दोघांना लुटारू धरतात, खंडणीसाठी डांबून ठेवतात. मैत्री घट्ट होते. माणूस हुशार, दिलदार, दिलाचा सच्चा. मग नेपल्सच्या एका खानावळीत वाटाणे येतात आणि तो ते सुरीने खातो. संपलं. त्याच्याशी बोलणं बंद, ओळख बंद. ज्वालामुखी आणि दरोडेखोर जे करू शकले नाहीत ते वाटाण्यांनी केलं. काही वर्षांनी तोच माणूस एका घरी काट्याने वाटाणे खाताना दिसतो आणि मैत्री पुन्हा जुळते. आता या दोघांत स्नॉब कोण? घाईने उत्तर देऊ नये. त्यासाठी आधी सिद्धान्त लागतो, आणि तो आम्ही पुढे मांडत आहोत.

सिद्धान्त व्याकरणातून घेतला आहे. मराठीत पुरुष तीन: मी, तू, तो. गर्विष्ठ मनुष्य हा प्रथमपुरुषी एकवचनी असतो. त्याला जगायला दुसरं माणूस लागत नाही. आरसा पुरतो, नसला तरी चालतो. उद्धट मनुष्य द्वितीयपुरुषी असतो. समोर ‘तू’ असल्याशिवाय त्याचा धंदा चालत नाही. स्नॉब मात्र तृतीयपुरुषी आहे. त्याचं प्रत्येक वाक्य ‘मी’ने सुरू झालं, तरी ते ‘त्यांच्या’वर उभं असतं: ते कलेक्टरसाहेब, ते उस्ताद, ते स्वित्झर्लंडचं चॉकलेट, ते लंडनचे शिंपी. ‘तू’ला खाली बघायचं, पण उभं राहायचं ते ‘त्यां’च्या खांद्यावर. थोडक्यात, गर्वाला एक माणूस लागतो, उद्धटपणाला दोन आणि स्नॉबपणाला तीन. ही तिसऱ्या माणसाची अनिवार्यता हीच स्नॉबची सास्ना.

सिद्धान्ताची कसोटी घ्यायची तर जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’इतकी (१८१३) सोयीची प्रयोगशाळा नाही. तिथे तिन्ही पुरुष एकाच कथेत नांदतात. डार्सी नाचाच्या समारंभात एका कोपऱ्यात उभा राहतो, एलिझाबेथबरोबर नाचायला नकार देतो, आणि त्यावर कोण काय म्हणेल याचं त्याला सोयरसुतक नसतं. हा प्रथमपुरुषी गर्व. पुढे प्रेमाने बराही होतो. लेडी कॅथरीन दुसऱ्यांनी गाई कशा पाळाव्यात आणि कोंबड्या कशा सांभाळाव्यात हे सांगते, पाहुण्या मुलीला तोंडावर वय विचारते, पेटीत झगे कसे भरावेत याचाही हुकूम सोडते. हा द्वितीयपुरुष, औषध नाही. आणि मिस्टर कॉलिन्स. या पाद्रीबुवांचं स्वतःचं असं काहीही नाही. पण लेडी कॅथरीनच्या दिवाणखान्यातल्या एकट्या शेकोटीच्या चौकटीला आठशे पौंड पडले, हे त्यांना पाठ आहे. वाड्याच्या दर्शनी भागाला खिडक्या किती आणि त्यांच्या काचांना मूळ खर्च किती आला, हे ते पाहुण्यांना मोजून ऐकवतात. दुसऱ्याच्या खिडक्या मोजणारा माणूस! आमच्याकडे ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ म्हणतात. कॉलिन्स ही अशी बायजी आहे की जी उदारसुद्धा नाही. ऑस्टिनच्या काळी या शब्दाला आजचा अर्थ नव्हता, तरी नमुना तयार होता.

आता वाटाण्यांकडे वळू. सुरीने खाणारा मोकळा सुटतो. त्याला वाटाणे हवे होते, एवढंच. वाटाण्यांवरून मित्र तोडणारा तृतीयपुरुषी ठरतो, कारण आपण अशा माणसासोबत जेवताना ‘त्यांनी’ पाहिलं तर काय, ही त्याची खरी अडचण. थॅकरेच्याच ‘व्हॅनिटी फेअर’मधली बेकी शार्पही याच वर्गातली, पण गुणवान. हिंदुस्थानातून परतलेल्या कलेक्टर जॉस सेडलीवर छाप पाडायची म्हणून ती जन्मात न चाखलेलं तिखटजाळ कालवण डोळ्यांत पाणी आणून खाते. त्यावर तो ‘चिली’, म्हणजे मिरची, देऊ करतो. नाव थंडगार वाटतं म्हणून ती मिरचीही खाते. विलायतेतल्या स्नॉबपणाने कोल्हापूरच्या वाटेवर टाकलेलं हे पहिलं पाऊल म्हणायला हरकत नाही.

विसाव्या शतकात या शास्त्राला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली. ॲलन रॉस नावाच्या भाषेच्या प्राध्यापकाने १९५४ मध्ये हेलसिंकीच्या एका जाडजूड भाषाशास्त्रीय नियतकालिकात निबंध लिहिला. इंग्लंडातला वरचा वर्ग आता पैशावरून किंवा शिक्षणावरून ओळखू येत नाही, केवळ भाषेवरून येतो, असं त्याचं म्हणणं. वरच्यांच्या बोलीला त्याने ‘यू’ म्हटलं, बाकीच्यांच्या बोलीला ‘नॉन-यू’. फिनलंडात छापलेला हा निबंध कुणी वाचला नसता, पण बॅरन रीड्सडेलची लेक, कादंबरीकार नॅन्सी मिटफर्ड हिने तो उचलला आणि साऱ्या इंग्लंडची झोप उडवली. आरशाला ‘मिरर’ म्हटलं की नॉन-यू, ‘लुकिंग-ग्लास’ म्हटलं की यू. हात पुसायचा तो ‘नॅपकिन’ म्हणावा, ‘सर्व्हिएट’ म्हणू नये. कवळीला खानदानी माणूस सरळ ‘खोटे दात’ म्हणतो. ‘डेंचर्स’ म्हणतो तो नवा. मौज अशी की वरच्यांचे शब्द रोखठोक आणि साधे, आणि नाजूक, सजवलेले शब्द वर चढू पाहणाऱ्यांचे. आपल्याकडे संडासाचं शौचालय, शौचालयाचं टॉयलेट आणि टॉयलेटचं वॉशरूम होत गेलं, त्याची दिशा यावरून तपासून पाहावी. जागा तीच आहे.

कपात आधी दूध की आधी चहा, यावरूनही विलायतेत माणसाची पायरी ठरे. आधी दूध घालणारा खालचा. आपण दूध, चहापत्ती, साखर, आलं सगळं एकदमच उकळतो, त्यामुळे या एका बाबतीत आपली समता निर्विवाद आहे.

अर्थशास्त्रही मागे राहिलं नाही. हार्वी लायबेनस्टीनने १९५० मध्ये ग्राहकांच्या मागणीवर लिहिताना ‘स्नॉब परिणाम’ अशी संज्ञा बांधली. इतर लोक एखादी वस्तू घेऊ लागले की एका प्रकारच्या ग्राहकाची त्या वस्तूची मागणी त्याच कारणाने घटते, असा त्याचा आशय. हा परिणाम पाहायला अमेरिकेला जायचं कारण नाही. सप्टेंबरात साताऱ्याच्या वर कासच्या पठारावर जावं. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं फुललेली असतात, गाड्यांची रांग लागलेली असते, आणि रांगेतल्या प्रत्येक गाडीत एक तरी माणूस सांगत असतो, ‘आम्ही यायचो तेव्हा इथे काळं कुत्रं नसायचं.’ फुलं तितकीच असतात. मागणी घटलेली असते. त्या माणसाने दुसऱ्या दिवशी दुसरं, अजून कुणाला न कळलेलं पठार शोधलेलं असतं आणि त्याचं नाव तो सांगत नाही. म्हणजे नाव सांगत नाही, हे मात्र सगळ्यांना सांगतो.

इथे एका गैरसमजाचं निराकरण केलं पाहिजे. जाणकार म्हणजे स्नॉब नव्हे. आंब्याची पेटी उघडून, गवत बाजूला सारून, देठाशी नाक नेऊन ‘हा अजून दोन दिवस ठेवा’ असं सांगणारा मनुष्य आंब्याकडे बघत असतो. ‘आम्ही देवगडशिवाय खात नाही’ म्हणणारा पेटीवरच्या अक्षरांकडे बघत असतो, आणि बोलून झाल्यावर आपल्याकडे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते बागाइतदारांच्या भल्यासाठी. पण त्याने या दुसऱ्या मंडळींचीही सोय झाली, हे नाकारता येत नाही. कॅलिफोर्नियात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून पाजली. महाग म्हटलेली त्यांना अधिक आवडली, आणि मेंदूतलं सुख नोंदवणारं केंद्रही तेव्हा जास्त उजळलं. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. जीभसुद्धा तृतीयपुरुषी होऊ शकते.

आता मराठी शब्दकोशातला सगळ्यात जवळचा दावेदार, ‘शिष्ट’. याची जन्मकथा स्नॉबच्या बरोबर उलट. पतंजलीच्या ‘महाभाष्या’त शिष्ट कोण ते सांगितलं आहे: घरात घागरभर धान्य एवढाच साठा, लोभ नाही, दिसणारा कोणताही हेतू नसताना नीट वागणारे, आणि कुठल्या ना कुठल्या विद्येत पारंगत. त्यांचं बोलणं तेच भाषेचं प्रमाण. तिथून उतरत उतरत हा शब्द मराठी वाड्यांत आणि चाळींत आला, तो ‘फार शिष्ट आहे मेली’ इथवर. ‘शिष्टाचार’ आणि ‘शिष्टमंडळ’ ही त्याची भावंडं मात्र अजून सुस्थितीत आहेत. (शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटायला जातं तेव्हा त्यातला शिष्ट पतंजलीचा की चाळीतला, हे फोटोवरून सांगता येतं.) इंग्रजी शब्द मोच्याच्या दुकानातून वर आला, आपला ऋषीच्या झोपडीतून खाली आला, आणि दोघे एकाच नाकावर येऊन भेटले.

भेटले, पण एकरूप झाले नाहीत. शिष्ट माणूस बोलत नाही. तोच त्याच्यावरचा आरोप. स्नॉब बोलतो, आणि कुणाची तरी नावं घेऊन बोलतो. शिष्टाच्या घराचं दार लावलेलं असतं. स्नॉबचं उघडं असतं, भिंतीवरचा मान्यवरासोबतचा फोटो जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसावा इतपत उघडं. म्हणून लिफ्टमधल्या बाईंना फार तर शिष्ट म्हणावं, स्नॉब म्हणू नये. निदान त्यांनी एकदा तरी पाचव्या मजल्यावरच्या कुणा बड्या माणसाचा उल्लेख करेपर्यंत.

प्रयोगाचे काही नियम. स्नॉब हा अकारान्त पुल्लिंगी. अनेकवचनातही तसाच, ‘एक स्नॉब आला, चार स्नॉब आले’. (चार एकदम आले तर परिचय करून देऊ नये, ते आपापल्या ओळखींनी आपसात निकाल लावतात.) स्त्रीलिंगी रूप ‘स्नॉबीण’ काहींना खटकेल, पण डॉक्टरीण, मास्तरीण यांच्या ओळीत ते बसतं. सामान्यरूपात ‘स्नॉबाला’ म्हणावं की ‘स्नॉबला’, यावर दोन तट आहेत. ‘स्नॉबाला’ म्हणणारे व्याकरणाला धरून आहेत आणि ‘स्नॉबला’ म्हणणारे शब्द परदेशी आहे याची आठवण करून देत आहेत. पुरुषानुसार अर्थही पालटतो. ‘तो स्नॉब आहे’ ही निंदा. ‘तू स्नॉब आहेस’ हे वाक्य जवळजवळ कुणी तोंडावर म्हणत नाही. ‘मी कॉफीच्या बाबतीत जरा स्नॉबच आहे’ ही मात्र चक्क फुशारकी, आणि त्यातला ‘जरा’ फसवा आहे. उलटा स्नॉबही लक्षात ठेवावा. ‘आपल्याला बुवा ते काटेचमचे जमत नाहीत, आपण आपले पाच बोटांनी’ असं तो पंचतारांकित हॉटेलात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. तिसरा माणूस इथेही आहे. फक्त शिडी जमिनीकडे वळवलेली आहे.

राहता राहिली एक शंका. घरात एकटाच असलेला स्नॉब संभवतो का? सिद्धान्ताला तीन माणसं लागतात आणि खोलीत तर एकच. उत्तर बीबीसीच्या ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’ या मालिकेने (१९९०-९५) देऊन ठेवलं आहे. तिच्यातल्या बाई हायसिंथ बकेट. आडनावाचा अर्थ बादली, म्हणून त्या ते फ्रेंच वळणाने ‘बुके’ असं उच्चारतात. हाताने रंगवलेल्या निळ्या फुलांच्या रॉयल डोल्टन कपबश्या पाहुण्यांच्या हातात देताना त्यांचा जीव वरखाली होतो. घरात कुणी नसतं तेव्हाही त्या फोन उचलतात तो दरबारी थाटात, निवासस्थानाचं नाव, घरची मालकीण बोलते आहे, सगळं साग्रसंगीत, कारण पलीकडे कोण असेल याचा नेम नाही. तर पलीकडे पुष्कळदा चुकीचा नंबर लागलेला कुणीतरी भुकेला इंग्रज असतो. त्याला चिनी खानावळ हवी असते. बादलीचा बुके होईपर्यंत त्याची ऑर्डर सांगून झालेली असते.